यूव्ही लेझरची पॉवर वारंवार पडते? क्रिस्टलला दोष देण्याआधी हे तपासा

जळगाव, भुसावळ, धुळे या भागात पाइप, ठिबकच्या नळ्या, फिटिंग, चटई असं प्लास्टिकचं काम मोठं आहे. त्यावर नाव, बॅच नंबर, तारीख उमटवायला आता यूव्ही (अतिनील) लेझर मार्किंग मशीन बऱ्याच ठिकाणी बसली आहेत. या मशीनच्या दुरुस्तीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा माझ्यापुढे येते: ‘पॉवर पडली, अक्षर उमटत नाही, क्रिस्टल गेलं वाटतं.’ क्रिस्टल म्हणजे यूव्ही प्रकाश तयार करणारा स्फटिक, आणि तो असतो हेडमध्ये, म्हणजे लेझरच्या सीलबंद डब्यात. क्रिस्टल गेलं म्हटलं की नवीन हेड, आणि नवीन हेड म्हणजे लाखांतला खर्च. यातल्या बहुतेक वेळा क्रिस्टल शाबूत असतं. त्याच्या भोवतीचं तापमान, ओल, पाणी किंवा वीज यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. क्रिस्टलपर्यंत पोचायच्या आधी काय काय पाहायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

हे सगळं ३५५ नॅनोमीटरच्या मार्किंग मशीनसाठी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हिरव्या प्रकाशापासून २६६ नॅनोमीटर काढणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

लक्षणं

खालीलपैकी तुमचं लक्षण कोणतं, ते आधी वहीत लिहा. पॉवर पडली एवढंच सांगून निदान होत नाही. कधी पडली आणि कशी पडली, त्यावर सगळं ठरतं.

– पांढऱ्या पाइपवरची गडद राखाडी अक्षरं हळूहळू फिकी होत जातात. ऑपरेटर स्पीड कमी करून भागवतो, काही दिवसांनी आणखी कमी करतो.
– सकाळी पहिला अर्धा-पाऊण तास मार्किंग खराब येतं, मग आपोआप सुधारतं.
– सकाळी उत्तम चालतं, दुपारी दोन-तीनला पडतं, रात्रपाळीत पुन्हा चांगलं.
– लाइट जाऊन आली की त्यानंतर बराच वेळ पॉवर वरखाली होते.
– जून-जुलैपासून पॉवर कमी, आणि हेडच्या खालच्या पत्र्यावर हात लावला तर ओल लागते.
– अक्षराचा एक भाग गडद, दुसरा फिका.
– काल ठीक होतं, आज एकदम निम्म्यावर, आणि काहीही केलं तरी वाढत नाही.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यांचा इलाज बहुधा हेडच्या बाहेरच सापडतो.

थोडं कारण समजून घ्या

या मशीनमध्ये मुळात यूव्ही तयार होत नाही. लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप डायोडच्या ८०८ किंवा ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशावर निओडिमियमचं क्रिस्टल चालतं आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण देतं. तो पहिल्या एलबीओ (लिथियम ट्रायबोरेट) क्रिस्टलमधून जाताना त्यातल्या काही भागाची वारंवारता दुप्पट होऊन ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बनतो. दुसऱ्या एलबीओमध्ये हा हिरवा आणि उरलेला अवरक्त यांची बेरीज होऊन ३५५ नॅनोमीटर बाहेर पडतो.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवून ३४७.२ नॅनोमीटरचा यूव्ही पहिल्यांदा मिळवला. तो इतका क्षीण होता की शोधनिबंध छापताना फोटोप्लेटवरचा त्याचा ठिपका डाग समजून पुसला गेला. लेझर जोरदार होता, क्वार्ट्झही ठीक होतं. अडचण होती ती तालाची. मूळ प्रकाश आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश पदार्थातून वेगवेगळ्या वेगाने जातात. आखाजीच्या झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर झोका चढतो, आणि तोच धक्का चुकीच्या क्षणी दिला तर झोका थांबतो. क्रिस्टलच्या सुरुवातीला तयार झालेला आणि पुढे तयार झालेला यूव्ही एका तालात नसेल तर दोघं एकमेकांना खोडतात. हा ताल जुळवण्याला फेज मॅचिंग म्हणतात. १९६२ मध्ये केडीपी क्रिस्टल ठरावीक कोनात धरून हा ताल जुळवता येतो हे दाखवलं गेलं, आणि तिथून हे तंत्र कामाचं झालं.

ताल जुळवायचे दोन मार्ग आहेत, कोन आणि तापमान. कोन कारखान्यातच पक्का केलेला असतो. आपल्याकडे बिघडतं ते तापमान. काही हेडमध्ये पहिलं एलबीओ सुमारे १४९ अंशांवर ठेवतात, कारण १०६४ नॅनोमीटरसाठी त्या तापमानाला कोनाचा त्रास जवळजवळ संपतो. काही हेडमध्ये ते कमी तापमानावर, थोड्या कोनात बसवतात. कसंही असलं तरी क्रिस्टलला ठरलेल्या तापमानावर ठेवणाऱ्या छोट्या ओव्हनचं तापमान थोडं सरकलं की यूव्ही घटतो.

दुसरी गोष्ट गुणाकाराची आहे. रूपांतर कमी असतं त्या टप्प्यात हिरवा प्रकाश अवरक्ताच्या वर्गात वाढतो आणि ३५५ त्याच्या घनात. म्हणजे अवरक्त फक्त १० टक्के घटला तर यूव्ही साधारण २७ टक्के घटतो. जोरदार रूपांतर होणाऱ्या लेझरमध्ये हा परिणाम थोडा सौम्य होतो, पण दिशा तीच. म्हणून यूव्हीत मोठी घट दिसली तरी तिच्यामागचं कारण किरकोळ असू शकतं. घाबरून हेड उघडू नका असं मी ग्राहकांना सांगतो, ते याच हिशेबावर.

पहिली तपासणी: लेझर घटला की माल बदलला?

याला एक रुपयाही लागत नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. पांढऱ्या पीव्हीसीत टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याला प्रकाश शोषायला साधारण ३ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन लागतो. ३५५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.५ आहे, म्हणून तो शोषला जातो आणि तिथे रंग गडद होतो. कंपाउंडमध्ये टायटॅनियम कमी केलं आणि खडूची भुकटी वाढवली तर तोच लेझर, तीच सेटिंग, आणि अक्षर फिकं येणार.

मशीन नवीन असतानाच एका चांगल्या पाइपचे तुकडे कापून, पिशवीत बंद करून मशीनजवळ ठेवा. शंका आली की त्यातल्या एकावर ठरलेल्या सेटिंगने मार्क मारा आणि जुन्या मार्कशेजारी धरा. दोन्ही सारखे आले तर लेझर ठीक आहे, मिक्सिंग विभागात चौकशी करा. असे तुकडे नसतील तर आजच करून ठेवा. या विषयात मला एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी हीच सांगेन.

याच वेळी फोकसची उंचीही मोजा. पाइपचा व्यास बदलला आणि टेबल तेवढंच राहिलं, हे लाइनवर रोज घडतं. अक्षराचा एकच भाग फिका असेल तर पाइप तिरका बसला आहे किंवा लेन्स एका बाजूने मळली आहे, असं आधी धरा.

दुसरी: सॉफ्टवेअरमधली फ्रिक्वेन्सी

उत्पादन वाढवायला कुणीतरी पल्सची फ्रिक्वेन्सी ३० किलोहर्ट्झवरून ६० करतो. वेग वाढतो, पण प्रत्येक पल्समधली ऊर्जा जवळपास निम्मी होते आणि पल्स लांबतेही. प्रकाशाची वारंवारता दुप्पट करणारं क्रिस्टल सरासरी वॉट बघत नाही. त्याला त्या क्षणाची तीव्रता लागते. तीव्रता घटली की रूपांतरच ढासळतं. स्क्रीनवर पॉवर १०० टक्केच दिसते, कारण तो आकडा बहुतेक मशीनमध्ये पंपाच्या करंटचा असतो, बाहेर पडणाऱ्या यूव्हीचा नसतो.

मशीनसोबत आलेल्या टेस्ट रिपोर्टवर ज्या फ्रिक्वेन्सीला पॉवर मोजली आहे, तीच लावून पाहा. पॉवर परत आली तर दोष कशातच नाही. दोन पाळ्यांचे ऑपरेटर वेगवेगळे असतील तर सेटिंगची फाइल पासवर्डने बंद करा.

तिसरी: ओव्हनला वेळ दिला का?

सकाळी मशीन चालू करून पाचव्या मिनिटाला माल लावला तर पहिला माल वाया जाणारच. कंट्रोलरवर तापमानाचा आकडा लवकर पोचतो, पण सेन्सर ओव्हनच्या धातूत असतो. क्रिस्टल आतपर्यंत तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. अर्धा तास द्या.

पहिल्या तासात खराब आणि नंतर चांगलं, हे लक्षण असेल तर मी एकच प्रश्न विचारतो: रात्री मशीनची वीज बंद होती का? तालुक्याच्या एका कारखान्यात उत्तर लगेच आलं होतं: ‘भाऊ, रातले लाईट गयी व्हती.’ मेन स्विच बंद करून घरी जायची सवय चांगली, पण यूव्ही लेझरला ती मानवत नाही. लेझरचा किरण बंद ठेवा, क्रिस्टलच्या ओव्हनला मात्र वीज चालू राहू द्या. तसा स्वतंत्र पुरवठा तुमच्या मशीनमध्ये आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

लाइट जाण्याचं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एलबीओ तापताना एका दिशेने बरंच प्रसरण पावतं आणि दुसऱ्या दिशेने आकुंचन पावतं. असे स्फटिक थोडे असतात. त्यामुळे ते झटकन थंड किंवा गरम झालं की त्याच्या पृष्ठभागावरच्या पातळ कोटिंगवर ताण येतो, बारीक तडे जातात. लाइट जाते, जनरेटर लागतो, लाइट येते, पुन्हा बदल होतो. दिवसातून अनेकदा असं होत असेल तर कंट्रोलर आणि ओव्हनपुरता एक ऑनलाइन यूपीएस लावा. चिलरला, म्हणजे मशीनमध्ये गार पाणी फिरवणाऱ्या यंत्राला, त्यावर टाकायची गरज नाही, त्याचा भार मोठा असतो. पण चिलर बंद असताना लेझर सुरू होणार नाही, असा इंटरलॉक जोडलेला आणि चालू आहे याची खात्री करा. घाईत काम काढायला काही ठिकाणी त्या वायरीत जम्पर (इंटरलॉक टाळणारी तार) टाकलेला सापडतो. तो आधी काढा.

चौथी: लेन्स

मशीन बंद, किल्ली खिशात, मग लेन्स बघा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून लख्ख दिसणारी लेन्स तिरक्या उजेडात वेगळी दिसते: मधोमध पिवळट-तपकिरी वर्तुळ, त्याच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक, आणि त्यावर चिकटलेले पांढरे कण. कण फुंकणीने उडतात, पण वर्तुळ उडत नाही. एक्स्ट्रूडरमधून उठणारी वाफ आणि पीव्हीसी जळताना निघणारा धूर काचेवर बसतो आणि यूव्ही त्याला तिथेच भाजून पक्का करतो. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. तो कोटिंगलाही खातो आणि माणसाच्या घशालाही. धूर ओढणारा पंखा नसेल तर लेन्स पुसत बसण्यात अर्थ नाही, पंख्याची सोय आधी करा.

साफ करायची पद्धत अशी: आधी रबरी फुंकणी. मग लेन्स-टिश्यूवर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब, आणि टिश्यू न दाबता एकाच दिशेने एकदाच ओढायचा. दुसऱ्या फेरीला नवीन टिश्यू. शर्टाची बाही नको, तोंडाची वाफ नको, कंप्रेसरची हवा तर नकोच, कारण तिच्यात तेल आणि पाणी असतं. वर्तुळ दोन-तीन फेऱ्यांत गेलं नाही तर घासू नका, लेन्स बदला. ती हेडपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. बदलताना ३५५ साठीचीच घ्या. फायबर मार्किंगची १०६४ ची लेन्स आट्यांत बसते म्हणून चालत नाही.

पाचवी: चिलर

दुपारी पडतं आणि रात्री सुधारतं, याचं उत्तर जवळपास नेहमी चिलरमध्ये असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. साधारण चिलर ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पाण्याचं तापमान २५ लावलेलं असतं आणि दुपारी स्क्रीनवर २८-२९ दिसतं. डायोडचं तापमान एक अंश वाढलं की त्याची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते, निओडिमियमचं शोषण घटतं, अवरक्त घटतो आणि वर सांगितलेला घनाचा हिशेब सुरू होतो.

चिलरच्या मागच्या जाळ्या काढून पाहा. कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आसपासच्या शेडमध्ये, या जाळ्यांवर सरकीच्या तंतूंचा गालिचाच बसतो. डाळ मिलशेजारी पिवळी धूळ असते. दोन्ही ओल्या फडक्याने निघत नाहीत, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा. चिलर भिंतीला टेकवून ठेवला असेल तर पुढे ओढा आणि गरम हवा शेडबाहेर जाईल अशी वाट करून द्या.

मग पाणी. बोअरचं पाणी आपल्याकडे जड आहे, त्याचा क्षार बारीक नळ्यांत बसतो आणि प्रवाह घटतो. मशीनच्या पुस्तकात सांगितलं असेल तेच पाणी, बहुधा डिस्टिल्ड, तीन महिन्यांनी बदलत जा. पारदर्शक नळीत हिरवट थर दिसला तर शेवाळ झालं आहे. फिल्टर बदला, नुसतं पाणी बदलून उपयोग नाही.

सहावी: पावसाळ्यातली ओल

हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. चिलरचं पाणी २५ वर असेल तर त्या पाण्याने गार झालेल्या प्रत्येक धातूला घाम फुटणार. मेमध्ये हीच सेटिंग बिनधोक होती, कारण तेव्हा हवा कोरडी होती. जुलैत तीच मशीन मारते. ओल सीलमधून आत गेली तर क्रिस्टलचे पृष्ठभाग धुरकट होतात, आणि ते परत येत नाही.

वीस-पंचवीस रुपयांच्या फडक्याने हेड पुसून हा प्रश्न सुटत नाही. तापमान-आर्द्रता दाखवणारं साधं घड्याळ मशीनजवळ टांगा. मशीनभोवती छोटी केबिन करून एसी लावणं हा खरा उपाय आहे. ते लगेच जमणार नसेल तर लेझर बंद करताना चिलरही बंद करा, रात्रभर गार पाणी हेडमध्ये फिरवत ठेवू नका. पाण्याची सेटिंग वाढवायचा मोह होतो, पण ती मशीन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच आणि त्याला विचारूनच वाढवा, कारण डायोड त्या तापमानाला जुळवलेले असतात.

सातवी: पॉवर मोजा

इथून पुढे पैसे आणि सावधगिरी दोन्ही लागतात. ३५५ आणि १०६४ दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. ३५५ डोळ्याच्या भिंगात शोषला जातो आणि मोतीबिंदूला कारण ठरतो. १०६४ थेट दृष्टिपटलावर जातो. फायबर लेझरचा चष्मा घातला म्हणून निर्धास्त राहू नका. चष्म्यावर ३५५, ५३२ आणि १०६४ या तिन्ही तरंगलांबी आणि त्यांचं संरक्षण छापलेलं असलं पाहिजे. अंगठी, घड्याळ काढा. दार बंद करा, आत कोण आहे ते बघा.

थर्मल पॉवर मीटर, यूव्हीला चालणाऱ्या सेन्सरचा, लेन्सच्या खाली पण फोकसपासून बराच दूर ठेवा. फोकसमध्ये ठेवला तर सेन्सरचा काळा थर जळतो. गॅल्व्हो (किरण फिरवणारे आरसे) मध्यभागी स्थिर, टेस्ट रिपोर्टची फ्रिक्वेन्सी, अर्धा तास तापलेलं मशीन, आणि मग आकडा. तो आकडा, तारीख, पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान, डायोडचा करंट आणि ओव्हनचं तापमान हे सगळं एका ओळीत लिहा. महिन्यातून एकदा हे केलं तर वर्षभरात तुमच्याकडे त्या मशीनची कुंडली तयार होते. करंट तेवढाच आणि यूव्ही सावकाश घटत असेल तर डायोड म्हातारे होत आहेत किंवा क्रिस्टलची किरण बाहेर पडणारी बाजू मळते आहे. पाण्याबरोबर वरखाली होत असेल तर पुन्हा पाचव्या तपासणीकडे जा.

आठवी: ओव्हनचं तापमान जुळवणं

हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्यासाठी खुलं असेल तरच करा. पासवर्ड मागत असेल तर इथे थांबा.

आधी जुना आकडा लिहा आणि फोटो काढा. पॉवर मीटर लावून तापमान ०.१ ते ०.२ अंशांनी बदला, प्रत्येक बदलानंतर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मग नोंद करा. एका बाजूला घटलं तर दुसऱ्या बाजूला जा. शिखर सापडलं की त्याच्या पुढेही एक-दोन पायऱ्या जाऊन खात्री करा, कारण मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरं असतात आणि घाईत माणूस त्यातल्याच एकावर थांबतो.

जुळवणी नेहमी कामाच्या पॉवरवर करा. क्रिस्टल थोडा यूव्ही स्वतःच शोषतं आणि आतून गरम होतं, ते सेन्सरला कळत नाही. कमी पॉवरवर शोधलेलं शिखर पूर्ण पॉवरला सरकलेलं असतं. शिखर जुन्या आकड्यापासून थोडंच दूर असेल आणि पॉवर परत आली, तर काम झालं. तीन-चार अंश दूर गेलं तर सेन्सर, ओव्हन किंवा संपूर्ण बैठक हलली आहे. जुना आकडा परत लावा आणि फोन करा.

काही हेडमध्ये मोटरने क्रिस्टल बाजूला सरकवून किरण नव्या जागेवर पाडायची सोय असते. यूव्हीने क्रिस्टलची बाहेरची बाजू हळूहळू खराब होते, तो त्याचा स्वभाव आहे, म्हणून ही सोय दिलेली असते. या जागा मोजक्या असतात. वरच्या सातही तपासण्या झाल्याशिवाय एकही जागा खर्च करू नका. धुळकट लेन्सपायी चांगली जागा सोडून दिलेली मशीन पाहिली की खरंच वाईट वाटतं.

इथे थांबा

हेडचं सील उघडायचं नाही. आत हवा गाळून, कोरडी करून बंद केलेली असते. शेडमधली हवा, बोटांचा तेलकटपणा, स्क्रूला लावलेलं ग्रीस, सिलिकॉन, यांतलं काहीही आत गेलं की यूव्ही त्याची वाफ क्रिस्टलवर भाजून बसवतो. उघडलेलं हेड दुरुस्तीला परवडत नाही, आणि वॉरंटीही जाते.

पॉवर एका झटक्यात निम्म्यावर आली असेल, मार्कचा ठिपका गोल न राहता फुटलेला दिसत असेल, हेडमधून पाणी गळत असेल, जळका वास येत असेल, ओव्हन आकड्यावर पोचतच नसेल, किंवा डायोडचा अलार्म पुन्हा पुन्हा येत असेल, तर मशीन बंद करून अधिकृत सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. करंट वाढवून ‘आजचा माल तरी काढून घेऊ’ असं करू नका. खराब झालेल्या जागेवर जास्त तीव्रता पाडली की क्रिस्टलला खड्डा पडतो.

प्रयोगशाळेतल्या २६६ नॅनोमीटरसाठी

इथे ५३२ पुन्हा दुप्पट करतात, बहुधा बीबीओ (बेरियम बोरेट) क्रिस्टलमध्ये. मुळातला अवरक्त १० टक्के घटला तर २६६ सुमारे एक तृतीयांश घटू शकतो. म्हणून आधी हिरवा मोजा.

बीबीओला कोनाची चूक जवळजवळ खपत नाही. एक सेंटिमीटर लांबीच्या क्रिस्टलला मिलिरेडियनच्या पाचव्या भागाइतकीच सूट असते. टेबलला धक्का लागला, माउंटचा स्क्रू ढिला झाला, एसीचा झोत थेट माउंटवर आला, एवढ्यानेही पॉवर जाते. कोन फिरवण्याआधी ध्रुवीकरण तपासा. ध्रुवीकरण वळवणारी अर्ध-तरंग पट्टी कुणी फिरवली असेल तर कोन कितीही जुळवला तरी काही मिळत नाही. बीबीओत यूव्ही मूळ किरणापासून बाजूला सरकत जातो, त्यामुळे बाहेरचा ठिपका लांबट येतो. तो दोष नाही, ते गोल करत बसू नका. आणि २६६ साध्या काचेतून जात नाही. ‘यूव्ही येतच नाही’ म्हणणाऱ्या मांडणीत पुढे साध्या काचेची लेन्स किंवा प्रिझम आहे का, ते पाहा. तिथे फ्युज्ड सिलिका लागतं.

बीबीओ ओल धरतो आणि सीएलबीओ (सीझियम लिथियम बोरेट) त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सीएलबीओ तापवलेलाच ठेवतात. बीबीओ वापरात नसताना सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की ते भाजून कोरडं करा. पृष्ठभाग धुरकट झाला तर पुसू नका. तो पुन्हा पॉलिश करून कोटिंग करणाऱ्याकडे पाठवा. २६६ डोळ्याच्या बाह्य पटलावर वेल्डिंग लागल्यासारखा परिणाम करतो आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्या क्षणी काही जाणवलं नाही यावर विश्वास ठेवू नका. डोळे चुरचुरले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

हेड पाठवायची वेळ आलीच तर

फोनवर इंजिनिअरला लक्षण, कधीपासून, नोंदवहीतल्या शेवटच्या तीन-चार ओळी, पाण्याचं तापमान आणि अलार्मचा नंबर सांगा. निम्म्या वेळा तो फोनवरच सोडवून देतो. हेड काढावंच लागलं तर ओव्हन सॉफ्टवेअरमधून सावकाश खाली आणा, थेट स्विच बंद करू नका. चिलर बंद करून हेडमधलं पाणी पूर्ण निथळू द्या, पाण्याच्या तोंडांना बूच लावा, किरण बाहेर पडतो त्या खिडकीवर मूळ झाकण बसवा. मग हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह घालून, मूळ खोक्यातच भरा. खोकं राहिलं नसेल तर बनवणाऱ्याकडून मागवा. ट्रान्सपोर्टच्या गाडीत पोत्यांवर टाकून पाठवलेल्या हेडचे आरसे हलतात, आणि दुरुस्तीचं बिल त्याचंच जास्त येतं.